पाटणकर बाजारातील चार दिवस

ग्वाल्हेर हे नाव मराठी माणसाच्या कानी पडते ते बहुधा दोन निमित्तांनी. एक, तेथील शिंद्यांचे राजघराणे. आणि दुसरे, तेथील गायकीचे घराणे. आम्हांसही याहून अधिक माहिती नव्हती. गेल्या हिवाळ्यात, नाताळास दोन-अडीच आठवडे असताना, आम्हां उभयतांस तेथे जाण्याचा योग आला. निमित्त मात्र राजवाड्याचेही नव्हते आणि गाण्याचेही नव्हते. निमित्त होते एका पत्राचे.

आमचे एक जुने स्नेही आहेत. सरकारी नोकरीत आम्ही दोघांनी बारा वर्षे एकाच खोलीत, एकाच खिडकीशी काढली. निवृत्तीनंतर ते ग्वाल्हेरास आपल्या वडिलोपार्जित घरी जाऊन राहिले. त्यांनी लिहिले होते : ‘‘नातीच्या बाबतीत मोठा पेच पडला आहे. शिकली-सवरलेली मुलगी, पण आमचे ऐकत नाही. तुम्हां दोघांवर तिचा लोभ आहे. एकदा येऊन तिला चार शब्द सांगा.’’ या वयात असे बोलावणे आले म्हणजे मनुष्य थोडा सुखावतोच. आपला सल्ला अद्याप कोणास तरी हवा आहे, असे वाटते. आम्ही कल्याणला पंजाब मेल पकडली. सकाळी भोपाळ गेले, दुपारी झाशी आली. त्या स्थानकाचे नाव आता ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ असे झाले आहे. पाटीवरील ते नाव वाचता वाचता गाडी हलली आणि दिवस कलण्याच्या सुमारास आम्ही ग्वाल्हेरास उतरलो.

ग्वाल्हेर हे एक शहर नव्हे. तीन गावे मिळून ते झाले आहे. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, छावणीचे मुरार आणि लष्कर. यांपैकी लष्कर हे आपल्या माणसांनी वसवलेले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ येथे पडला. राहुट्यांच्या जागी वाडे उठले, वाड्यांभोवती पेठा वसल्या, आणि तळाचे शहर झाले तरी नाव लष्करच राहिले. पाटणकर बाजार हा या लष्करातला. सराफा आणि महाराज बाडा ही ठिकाणे तेथून पायी जाण्याजोगी आहेत.

बाजाराचे नाव ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, ‘‘पाटणकर म्हणजे आपल्या साताऱ्याकडच्या पाटणचे का हो?’’ स्नेही हसून म्हणाले, ‘‘आडनाव तेथलेच. येथे रस्त्यारस्त्याला असली आडनावे भेटतील.’’ आणि ते खरे होते. दुकानांच्या पाट्या हिंदीत, बोलणे हिंदीत, भाव करणे हिंदीत. परंतु जुन्या घरांच्या दारांवर मराठी आडनावे. स्नेह्यांच्या घरी पाचवी पिढी नांदते आहे. त्यांची मराठी शुद्ध आहे, मात्र तिला हिंदीची एक गोड ढब आहे. रात्री जेवताना त्यांनी अभिमानाने सांगितले, ‘‘आमचे मूळ पुरुष वयाच्या अठराव्या वर्षी घर सोडून निघाले. हाती एक बोरू आणि पदरी दहा रुपये. येथे कोणी ओळखीचे नाही, भाषा येत नाही. पण कारकुनी मिळवली आणि घर उभे केले!’’ ही कथा त्यांच्या घरात प्रत्येक पाहुण्यास सांगितली जात असावी. कारण नात गालातल्या गालात हसत होती.

मुलगी तेवीस वर्षांची. समाजकार्याची पदवी घेतलेली. लहानपणापासून गाणे शिकलेली. आणि ग्वाल्हेरात गाणे शिकणे म्हणजे आपल्याकडे विहिरीवर पोहायला शिकण्याइतके साहजिक. शंकर पंडितांचे चिरंजीव कृष्णराव पंडित यांनी १९१४ साली येथे गायनशाळा काढली. १९१८ साली भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने आणि माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. घरोघरी तानपुरा असायचाच. मुलीने गावे यात कोणास आक्षेप नव्हता. पेच पुढे होता.

तिला एका संस्थेत नोकरी मिळत होती. ही संस्था मुरैना जिल्ह्यातील खेड्यांत स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करते. कामाची रीत अशी की कार्यकर्त्या गावात राहतात, तेथील बायकांची लग्नातली, बारशातली, दळणकांडणातली गाणी ऐकतात, त्यांतूनच छोटी नाटके बसवतात आणि गावच्या चौकात करतात. नाटकानंतर बोलणे सुरू होते : मुलीची शाळा का सुटली, जमिनीच्या खतौनीत बाईचे नाव का नाही, गर्भातच मुलगी का नाहीशी होते. या कामास काही पैसा देशातून येतो, काही परदेशातून. दोन-तीन वर्षे हे काम करून पुढे परदेशी विकासकार्याचे शिक्षण घ्यावे, आणि मग जगात जेथे जरूर असेल तेथे जावे, असा तिचा मानस होता.

‘‘आता तुम्हीच सांगा,’’ स्नेही म्हणाले, ‘‘याला नोकरी म्हणायचे की भटकंती? बँकेची परीक्षा ही सहज पास होईल. एक चांगले स्थळही सांगून आले आहे.’’ आजी एवढेच म्हणाल्या, ‘‘गाणे शिकवले ते घरात गाण्यासाठी, चव्हाट्यावर गाण्यासाठी नव्हे.’’

वाचकहो, आम्ही गेलो होतो ते मुलीस समजावण्यासाठी. परंतु तिने बोलण्यास आरंभ केला आणि आमच्या गाठीशी किती थोडे आहे हे आम्हांस कळू लागले. तिने जनगणनेचे आकडे सांगितले. २०११ साली शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलग्यांमागे देशात ९१८ मुली होत्या. ग्वाल्हेर जिल्ह्यात ८४० आणि मुरैन्यात ८२९. आम्ही मनात म्हटले, हा उत्तरेकडचा रोग. तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘काका, महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता, आणि बीड जिल्ह्याचा ८०७.’’ आम्ही निरुत्तर झालो. दुसऱ्याच्या अंगणाकडे दाखवलेले बोट असे कधी कधी आपल्याच दाराकडे वळते. पोटातील बाळाचे लिंग तपासण्यास आपल्या राज्याने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायद्याने बंदी केली. कायदा आपल्या राज्यात आधी झाला आणि तरीही आकडा असा! मुलगी म्हणाली, ‘‘कायदा कागदावर असतो. तो चुलीपर्यंत कोणी न्यायचा?’’

दुसऱ्या दिवशी तिने आम्हांस शहर दाखविले. किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महाल आहे. राजा मानसिंह तोमराने आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी, पंधराव्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर लवकरच तो बांधला. दंतकथा अशी की खेड्यातील या मुलीने राजास लग्नापूर्वी अट घातली : माझ्या गावच्या नदीचे पाणी मला महालात मिळाले पाहिजे. राजाने ती मान्य केली. आज तेथे पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. नंतर आम्ही फुलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीपाशी गेलो. १८५८ च्या जूनमध्ये, घरापासून दूर, याच शहराजवळ लढताना तिने देह ठेवला. आम्ही हात जोडून उभे होतो. मुलगी हळूच म्हणाली, ‘‘घोड्यावर बसलेल्या बाईपुढे सारे हात जोडतात. एसटीत बसून खेड्यात जाणारीची मात्र काळजी वाटते.’’ या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कारण सांगितल्यावाचून हे लिहिणे अपुरे राहील, म्हणून सांगतो.

मुंबईत १९७५ साली स्त्री मुक्ती संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, ज्योती म्हापसेकर यांनी १९८३ साली ‘मुलगी झाली हो’ हे नाटक लिहिले. त्यात काम करणाऱ्या कोणी धंदेवाईक नट्या नव्हत्या. घरच्या, नोकरीच्या बायकाच होत्या. पडदे नाहीत, झगमगाट नाही. ओव्यांच्या, लोकगीतांच्या चालींवर गाणी, आणि मुलगी जन्मल्यापासून तिच्या वाट्यास काय काय येते त्याची कथा. चाळींत, चौकांत, गावोगाव त्याचे हजारो प्रयोग झाले. इतर भाषांतही ते गेले. याच संघटनेने पुढे १९९८ पासून मुंबईतील कचरा वेचणाऱ्या बायकांना एकत्र आणण्याचे ‘परिसर विकास’ हे काम उभारले. म्हणजे नाटकातून जमलेली माणसे प्रत्यक्ष पोटापाण्याच्या कामाला लागली. म्हापसेकर यांस पुढे २०१५ सालचा नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

हे नाटक आम्ही एका शाळेच्या पटांगणात पाहिले होते. बरोबर आमची मुलगी होती, कॉलेजात जाणारी. घरी येताना ती म्हणाली, ‘‘बाबा, मला असले काम करायचे आहे.’’ आम्ही विचारले, ‘‘त्याने पोट भरेल का?’’ तिच्याजवळ उत्तर नव्हते. आम्हीही ते शोधण्यास तिला मदत केली नाही. तिने पुन्हा विषय काढला नाही. आज ती एका कचेरीत चांगल्या हुद्द्यावर आहे, सुखात आहे. परंतु त्या दिवसानंतर घरात ती गाणे गुणगुणत असल्याचे आम्हांस आठवत नाही. हे आम्ही कधी मोजले नव्हते; ते पाटणकर बाजारातील त्या रात्री मोजले.

तिसऱ्या दिवशी मुरैना जिल्ह्यातील एका गावी त्या संस्थेचा प्रयोग होता. मुलीने आजीस आग्रहाने बरोबर घेतले. ग्वाल्हेरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. दोन्ही बाजूंस मोहरीची शेते आणि मध्ये मध्ये चंबळच्या खोऱ्यातील मातीच्या घळ्या. गावच्या चौकात सतरंजी अंथरलेली. पुरुष पुढे खाटांवर, बायका मागे, पदर हनुवटीपर्यंत ओढलेल्या. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी वाटतात ना? त्या बाजूस मुलगा झाला की काशाची थाळी वाजवतात, म्हणजे साऱ्या आळीस वार्ता कळते. मुलगी झाली की थाळी खुंटीवरच राहते. नाटकाची कथा एवढीच होती : एका घरात मूल जन्मते, सारे थाळीच्या आवाजाची वाट पाहतात, आणि आवाज होत नाही.

मुलीने आम्हांस आधीच सांगून ठेवले होते की या प्रकारात नाटक मध्येच थांबवतात आणि प्रेक्षकांस विचारतात, ‘आता तुम्ही काय कराल?’ ज्यास वाटेल त्याने उठून पुढे यावे आणि प्रसंग बदलावा. ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल यांनी ही रीत घडविली व ती जगभर गेली. बंगालमध्येही खेड्यांतून असे काम बरीच वर्षे चालू आहे. आम्हांस वाटले, या पदराआडच्या बायका कोठल्या उठतात! बराच वेळ कोणी हलले नाही. पुरुषांत एक-दोघे हसले. मग मागून एक म्हातारी उठली. काठी टेकीत चौकात आली, मुलीच्या हातातून थाळी घेतली आणि तिच्या बोलीत म्हणाली, ‘‘मला पाच मुली झाल्या. एकदाही वाजली नाही.’’ तिने काठी उलटी धरली आणि थाळीवर पाच ठोके दिले. मग थाळी परत करून ती आपल्या जागी जाऊन बसली. हसणारे गप्प झाले होते. आमच्या शेजारी बसलेल्या आजींचा हात पदराच्या टोकाशी चाळा करीत होता.

परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. रात्री जेवणे झाल्यावर स्नेह्यांनी मूळ प्रश्न काढला. त्यांची भीती खोटी नव्हती. ‘‘या कामात धोका नाही का? राजस्थानची भंवरीदेवी सरकारी योजनेतच काम करीत होती ना? तिने बालविवाह थांबवू पाहिला म्हणून १९९२ साली तिच्यावर अत्याचार झाला.’’ मुलीचा चेहरा गंभीर झाला. ती म्हणाली, ‘‘होय आजोबा. आणि त्याच प्रकरणातून १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने काम करणाऱ्या बायकांच्या रक्षणाचे नियम घातले. २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे तक्रार समिती हवीच. बँकेत जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींचेही रक्षण आज तोच कायदा करतो. त्याची किंमत एका खेड्यातल्या बाईने दिली.’’ मग तिने आपला पगार सांगितला, राहण्याची जागा सांगितली, बरोबरच्या तिघी मुलींची नावे सांगितली. पगार बँकेपेक्षा कमी होता. तिने तो लपविला नाही.

आता सारे आमच्याकडे पाहू लागले. आम्ही स्नेह्यांस एवढेच विचारले, ‘‘तुमचे मूळ पुरुष निघाले तेव्हा त्यांच्या आईने कोणते हमीपत्र मागितले होते?’’ ते गप्प झाले. आम्ही पुढे बोललो ते जणू स्वतःशीच. साताऱ्याकडून येथवर हजार किलोमीटरांहून अधिक अंतर. अनोळखी मुलूख, परकी भाषा, रोजची लढाई. त्या मुलांनी घर सोडले म्हणून आज या बाजारास पाटणकरांचे नाव आहे, आणि आपण ते अभिमानाने सांगतो. नात जाणार आहे पंचेचाळीस किलोमीटरांवर. तेथील भाषा तिची आहे, गाणी तिची आहेत. मुलाने घर सोडले तर तो पराक्रम, आणि मुलीने सोडले तर भटकंती. हा हिशेब कोणत्या वहीतला?

आम्ही आपल्याकडची दोन उदाहरणेही सांगितली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस गावच्या मुलांसाठी बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, ती गुरे चारतात त्या कुरणावर न्यावी, असे त्यांनी ठरविले. हाती साधने कोणती? गाणी, गोष्टी, माती, पाने, शिंपले. त्यांची ‘अंगणवाडी’ आज देशातील गावोगावी आहे. १९७५ सालच्या सरकारी बालविकास योजनेने तेच नाव उचलले. दुसऱ्या हंसाबेन मेहता. बडोद्याच्या दिवाणांच्या या कन्येने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या वतीने काम केले. जाहीरनाम्याच्या मसुद्यात सारे ‘पुरुष’ स्वतंत्र आणि समान जन्मतात असा शब्द होता. त्या जागी ‘मानव’ हा शब्द यावा असा आग्रह त्यांनी धरला. १० डिसेंबर १९४८ रोजी जगाने तो जाहीरनामा स्वीकारला, तो त्या शब्दासह. एकीने अंगणात काम केले, दुसरीने जगाच्या सभेत. परंतु मुळाशी काम एकच होते. आणि कोणी तरी वडीलधाऱ्याने त्यांस दारातून बाहेर पडू दिले होते, हेही खरेच.

इतक्या वेळ आजी काही बोलल्या नव्हत्या. त्या नातीकडे न पाहता म्हणाल्या, ‘‘तू झालीस तेव्हा या घरातही बर्फीच वाटली. मीच सांगितले होते.’’ मग थोड्या वेळाने स्नेह्यांस म्हणाल्या, ‘‘एक वर्ष जाऊ दे तिला. दर रविवारी घरी येईल. वर्षाने पुन्हा बसून बोलू. स्थळवाल्यांस खरे ते कळवा. थांबायचे असेल तर थांबतील.’’ स्नेह्यांनी मान हलविली. ती होकाराची की नाइलाजाची, हे आम्हांस कळले नाही. त्यांची काळजी एका रात्रीत कशी जाईल? ती जाऊही नये. मुलगी उठून आजीजवळ बसली. त्या रात्री तिने एक भजन म्हटले. आजींनी दार लावून घेण्यास सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीची वाट पाहताना आम्ही स्थानकावरूनच मुलीला दूरध्वनी केला. पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट काढली आणि म्हटले, ‘‘तेव्हा तुला आम्ही एकच प्रश्न विचारला. आणखी दोन-चार विचारावयास हवे होते.’’ ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, ‘‘बाबा, आमच्या वस्तीत बायकांचे एक मंडळ आहे. शनिवारी गाण्याला त्या मला बोलावतात. मी अजून गेले नाही.’’ आम्ही म्हटले, ‘‘जा.’’

वाचकहो, आपल्या गावांतील मुली आता पुष्कळ शिकतात. परिचारिका होऊन त्या परदेशी जातात, आणि आपण त्यांस आनंदाने निरोप देतो. कारण ते काम आपल्या ओळखीचे आहे. समाजकार्याचे शिक्षणही आपल्या दारात आहे. मुंबईत १९३६ पासून टाटांची समाजविज्ञान संस्था आहे. धर्मभगिनींनी १९५५ साली सुरू केलेले निर्मला निकेतन आहे. उद्या आपल्या घरातील एखादी मुलगी असे शिक्षण घेऊन म्हणेल की मला गाणी गात खेड्यांत जायचे आहे, तेथून कदाचित जगाच्या दुसऱ्या टोकास जायचे आहे. तेव्हा तिला पगार विचारा, सोबत विचारा, राहण्याची जागा विचारा, संस्था नीट पारखून घ्या. हे विचारणे आईबापांचे कर्तव्यच आहे. परंतु आम्ही केले तसे करू नका. ‘पोट भरेल का?’ एवढे विचारून पाठ फिरवू नका. उत्तर शोधण्यास तिच्याबरोबर बसा.